आइसलँड : भूमी, लोक आणि वारसा

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड या पाच देशांना मिळून नॉर्डिक देश असे म्हणतात. त्यांपैकी आइसलँड हा लोकसंख्येने सर्वांत लहान आणि भूमीच्या वयाने सर्वांत तरुण. या देशाला जाणारा प्रवासी बहुधा दोन गोष्टी मनात धरून जातो : आकाशातील ध्रुवीय प्रकाश आणि जमिनीतून उसळणारे उष्ण पाण्याचे फवारे. दोन्ही पाहण्यासारख्या आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या गोष्टीमुळे हा देश देश म्हणून टिकला ती पाहावयाची तर राजधानीतील एका इमारतीत, काचेखाली ठेवलेल्या वासराच्या कातड्याच्या काही पानांकडे जावे लागते. त्या पानांपर्यंत पोचण्याआधी भूमीची ओळख करून घेणे सोयीचे होईल.

उत्तर अटलांटिक महासागरात, ६३ आणि ६६ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान हे बेट आहे. ध्रुववृत्ताची रेषा मुख्य बेटाला न शिवता उत्तरेकडील ग्रिम्से या चिमुकल्या बेटाला लागते. क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. नावात ‘आइस’ असले तरी हिमनद्यांनी व्यापलेला प्रदेश अवघा एक दशांशाच्या आसपास आहे. नावाची कथाही गंमतीची आहे. फ्लोकी नावाचा एक नॉर्स दर्यावर्दी गुरेढोरे घेऊन येथे वस्तीला आला. समुद्रात मासे इतके मुबलक की उन्हाळाभर तो मासेमारीतच रमला आणि गवत कापून साठवण्याचे राहूनच गेले. हिवाळ्यात सगळी जनावरे मेली. वसंतात डोंगरावर चढून पाहतो तो खाली खाडी बर्फाने भरलेली. संतापून त्याने जे नाव दिले ते आजतागायत चालू आहे.

प्रत्यक्षात हवामान अक्षांशाच्या मानाने सौम्य आहे. अटलांटिकमधून उत्तरेकडे वाहत येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे रेक्याविक या राजधानीचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या जवळपास राहते. मात्र जुलैतही ते ११-१२ अंशांच्या फारसे वर जात नाही. थंडीपेक्षा त्रास वाऱ्याचा. एकाच दिवसात ऊन, पाऊस, गारा आणि पुन्हा ऊन हा क्रम तेथे नवलाचा मानला जात नाही.

उत्तर अमेरिकेचे भूपट्ट आणि युरेशियाचे भूपट्ट ज्या रेषेवर एकमेकांपासून दूर सरकत आहेत, ती अटलांटिकच्या तळाशी असलेली पर्वतरांग आइसलँडमध्ये पाण्यावर आली आहे. दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने बेट मधोमध फाकत असते आणि त्या फटींतून लाव्हा वर येतो. आपला सह्याद्री ज्या काळ्या बेसॉल्टचा घडला तोच हा दगड. आपल्याकडचे ते काम सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आटोपले, तेथे ते अद्याप चालू आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्याने दख्खनच्या पठाराचे प्रकरण वाचताना आइसलँडकडे नजर टाकली तर पुस्तकातील पुष्कळसे वर्णन जिवंत होईल.

या ज्वालामुखींची यादी देण्यात अर्थ नाही, पण एका उद्रेकाची हकिगत सांगितल्यावाचून या लोकांचा स्वभाव कळणार नाही. ८ जून १७८३ रोजी दक्षिणेकडील लाकी डोंगराजवळ जमीन सुमारे २५ किलोमीटर लांबीपर्यंत फाटली आणि शंभराहून अधिक मुखांतून लाव्हा वाहू लागला. हा प्रकार फेब्रुवारी १७८४ पर्यंत, म्हणजे आठ महिने चालला. लाव्ह्याने जळून फारच थोडी माणसे मेली, खरा घात केला तो वायूंनी. गंधकाच्या वायूने आकाश झाकोळले, फ्लोरीन गवतावर बसले, ते गवत खाऊन मेंढ्यांची हाडे आणि दात विकृत झाले. देशातील मेंढ्यांपैकी जवळजवळ चार पंचमांश मेल्या, गाईगुरे आणि घोडे निम्मे गेले, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात सुमारे नऊ हजार माणसे, म्हणजे दर पाचांतील एक, मरण पावली. या काळाला आइसलँडिक भाषेत ‘धुक्याचा दुष्काळ’ अशा अर्थाचा शब्द आहे. ते धुके युरोपभर पसरले होते. बेंजामिन फ्रँकलिन त्या वेळी पॅरिसजवळ होता. आकाशातील कोरडे धुके आणि पुढचा कडक हिवाळा यांचा संबंध आइसलँडच्या उद्रेकाशी असावा, असा तर्क त्याने १७८४ साली लिहून ठेवला.

त्या भागातील धर्मोपदेशक योन स्तेइंग्रिम्सोन याने २० जुलै १७८३ रोजी, लाव्हा वस्तीच्या रोखाने येत असताना, चर्चमध्ये लोकांना एकत्र करून प्रार्थना चालू ठेवली. लाव्हा थोड्या अंतरावर थांबला. भाविकांना हा चमत्कार वाटला, भूशास्त्रज्ञ त्याची वेगळी कारणे देतात. मला मात्र त्याचे पुढचे कृत्य अधिक मोठे वाटते. मदतीच्या पैशांची मोहोरबंद पेटी त्याच्यावर विश्वासून पोचती करण्यासाठी देण्यात आली होती. वाटेत उपासमारीने गांजलेले शेतकरी पाहून त्याने ती फोडली आणि काही रक्कम तेथेच वाटून टाकली. त्याबद्दल त्याला सरकारी ठपका सोसावा लागला. हे सारे आपल्याला माहीत आहे, कारण त्याने आत्मचरित्र लिहून ठेवले. लिहून ठेवण्याची ही सवय या देशात फार जुनी आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

पुढील काळातही निसर्गाने उसंत दिली नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये दक्षिण किनाऱ्यानजीक समुद्रातून सुर्त्से हे नवे बेट वर आले. ते संशोधकांवाचून इतरांना बंद ठेवले आहे, त्यामुळे उघड्या खडकावर पहिले बी कसे रुजते, पहिला पक्षी कधी घरटे बांधतो याची नोंद करता आली. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्री हेमाए बेटावर गावाच्या वेशीशीच जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीचा सारा ताफा बंदरात अडकून पडला होता. त्याच बोटींतून सुमारे ५,३०० माणसे त्या एका रात्रीत मुख्य बेटावर नेण्यात आली. त्यानंतर लाव्हा बंदराचे तोंड बुजविणार असे दिसताच त्याच्यावर महिनोन् महिने समुद्राचे पाणी पंपाने मारून तो गोठविण्यात आला आणि बंदर वाचले. २०१० साली एयाफ्यात्लायोकुट्लच्या राखेने युरोपची विमाने जमिनीवर खिळवून ठेवली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक हे मासेमारीचे गाव रिकामे करावे लागले. प्रवाशाने हे ध्यानात ठेवावे की तेथे एखादा रस्ता बंद केला असेल, तर तो उगाच केलेला नसतो.

अग्नीने घेतले तसे दिलेही. देशातील दर दहा घरांपैकी नऊ घरे जमिनीतील उष्ण पाण्याने उबदार राखली जातात. वीज जवळजवळ संपूर्णपणे जलविद्युत आणि भूगर्भातील वाफ यांपासून होते. स्नानगृहातील गरम पाण्याला गंधकाचा किंचित वास येतो, तेव्हा पाहुण्याने दचकू नये. गावोगावी उघड्यावरचे गरम पाण्याचे तलाव आहेत आणि गावाच्या गप्पा तेथेच होतात. जिज्ञासूंसाठी एक सूचना : तलावात उतरण्यापूर्वी सार्वजनिक न्हाणीत सर्व कपडे उतरवून साबणाने अंग धुणे सक्तीचे आहे. आपल्या मंडळींना याचा संकोच वाटतो, पण नियम सर्वांना सारखाच.

आता लोकसंख्या. आजमितीस ती ३ लाख ९० हजारांच्या आसपास आहे आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक राजधानीत व तिच्या लगतच्या गावांत राहतात. बेटाचा मधला उंच प्रदेश निर्मनुष्य आहे. पूर्वी सर्व समाज एकाच वंशाचा होता, आता तो तसा राहिलेला नाही. बाहेरून कामासाठी आलेल्यांत पोलंडचे लोक सर्वांत अधिक.

परंतु येथील लोकसंख्येचा इतिहास आकड्यांपेक्षा मोजणीसाठी अधिक प्रसिद्ध आहे. १७०३ साली या देशाची जी शिरगणती झाली तिच्यात ५०,३५८ माणसांची नोंद आहे, आणि तीही नावानिशी, वय व घरातील स्थान यांसह. गावावर पोसले जाणारे निराधारदेखील तिच्यातून सुटलेले नाहीत. एका संपूर्ण राष्ट्रातील प्रत्येक माणसाची अशी नोंद जगात त्याआधी झाल्याचे आढळत नाही. २०१३ साली युनेस्कोने तिला जागतिक स्मृतिवारशात स्थान दिले. मोजणी झाली आणि पाठोपाठ १७०७ ते १७०९ या काळात देवीची साथ येऊन सुमारे चौथा हिस्सा लोक गेले. त्या याद्यांतील कित्येक नावांची एवढीच खूण जगात उरली. पुढे लाकीचा उद्रेक झाला. १८०१ च्या शिरगणतीत संख्या ४७ हजारांवरच होती, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांत एक माणूस वाढला नाही. १८७० नंतर सुमारे पंधरा हजार लोक कॅनडा व अमेरिकेकडे निघून गेले. असा हा समाज नाहीसा का झाला नाही, हा प्रश्न कोणाही अभ्यासकाला पडावा.

त्याचे उत्तर एका शब्दात देणे धाडसाचे ठरेल, पण मोठा वाटा भाषेचा आणि ग्रंथांचा आहे असे मला वाटते. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेतून आणि ब्रिटिश बेटांतून लोक येथे येऊन वसले. परंपरेनुसार पहिला वसाहतकार इंगोल्फुर आर्नारसोन हा ८७४ साली आला. राजा नव्हता, सैन्य नव्हते. ९३० च्या सुमारास थिंगवेट्लिर येथे, भूपट्टांच्या फटीतील उंच कड्याच्या पायथ्याशी, दर उन्हाळ्यात सरदारांची सभा भरू लागली. हीच आल्थिंग. तिला जगातील सर्वांत जुनी संसद म्हणून गौरविण्याची चाल पडली आहे, ती थोडी हात राखून स्वीकारावी. एक तर ती सरदारांची सभा होती, मतदारांची नव्हे, आणि दुसरे म्हणजे १८०० साली ती बंद पडून १८४५ मध्ये पुन्हा भरली. तरीही तिची एक रीत विलक्षण होती. कायदे लिहिलेले नव्हते. ‘विधिवक्ता’ म्हणून निवडलेला पुरुष खडकावर उभा राहून दरवर्षी एक तृतीयांश कायदा मुखोद्गत म्हणून दाखवी. तीन वर्षांत सारा कायदा लोकांच्या कानांवरून जाई. पाठांतराची महती आपल्याला सांगावयास नको. कायदे प्रथम लेखनिविष्ट झाले ते १११७-१८ च्या हिवाळ्यात.

याच सभेत इसवी सन १००० च्या सुमारास धर्माचा पेच उभा राहिला. ख्रिस्ती आणि जुने देव मानणारे यांच्यात लढाई जुंपण्याची वेळ आली. तेव्हा थोर्गेइर नावाच्या विधिवक्त्यावर निवाडा सोपविण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा. त्याने पांघरूण डोक्यावरून घेतले, एक दिवस आणि एक रात्र तसाच पडून राहिला, आणि उठून निर्णय दिला की सर्वांनी ख्रिस्ती व्हावे, पण जुन्या देवांची पूजा कोणी घरात गुपचूप केली तर तूर्त हरकत घेऊ नये. धर्मांतराच्या इतिहासात इतका कमी रक्तपात क्वचितच आढळेल.

१२६२ नंतर देश नॉर्वेच्या आणि पुढे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली गेला. नेमक्या याच राजकीय पडझडीच्या काळात साहित्याला बहर आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. स्नोरी स्तुर्लुसोन हा त्या काळचा प्रमुख ग्रंथकार आणि तितकाच महत्त्वाकांक्षी राजकारणी. १२४१ साली राजाच्या हस्तकांनी त्याला रेखोल्ट येथील त्याच्या घराच्या तळघरात गाठून ठार केले. त्याचा उष्ण पाण्याचा हौद तेथे आजही दाखवितात. जुन्या वसाहतकारांच्या वैरांच्या, न्यायनिवाड्यांच्या आणि दर्यागमनाच्या गद्यकथा, म्हणजे ‘सागा’, तेराव्या-चौदाव्या शतकांत लिहिल्या गेल्या. त्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या भाषेत लिहिल्या, हे विशेष. त्यांना शब्दशः इतिहास मानू नये, पण निव्वळ कल्पित म्हणूनही सोडून देता येत नाही. सागांत पश्चिमेकडील ‘विनलंड’चे वर्णन आहे. १९६० साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर नॉर्स वस्तीचे अवशेष सापडले, तेव्हा त्या वर्णनाला जमिनीचा आधार मिळाला.

हे सारे लिहिले गेले वासराच्या कमावलेल्या कातड्यावर. ‘फ्लातेयारबोक’ या सर्वांत मोठ्या हस्तलिखिताची २२५ पाने आहेत. त्यासाठी शंभराहून अधिक वासरांची कातडी लागली. पुढे गरिबी आली, कागद आला, आणि जुन्या पोथ्यांची किंमत उरली नाही. एका पानाचा शिंप्याने बंडीच्या बेतासाठी उपयोग केला, तर दुसऱ्या पानांचे बिशपच्या टोपीला अस्तर झाले. अशा वेळी आउर्नी माग्नुस्सोन (१६६३-१७३०) हा विद्वान उभा राहिला. १७०३ च्या शिरगणतीसाठी राजाने ज्या दोघांना नेमले त्यांपैकी हा एक. माणसे मोजता मोजता त्याने घरोघरच्या पोथ्या गोळा केल्या, फाटके पानसुद्धा सोडले नाही, आणि सर्व संग्रह कोपनहेगनला नेला. १७२८ च्या ऑक्टोबरात त्या शहराला भीषण आग लागली. बहुतेक कातडी पोथ्या वाचल्या, पण कागदावरील पुष्कळ लेखन आणि छापील ग्रंथ जळाले. त्यानंतर तो सव्वा वर्षच जगला.

१७ जून १९४४ रोजी थिंगवेट्लिर येथे आइसलँडचे प्रजासत्ताक घोषित झाले. मात्र पोथ्या डेन्मार्कमध्येच होत्या. जे साहित्य राष्ट्राचा आत्मा म्हणून मिरवायचे, ते जुन्या राज्यकर्त्यांच्या कपाटात, हे शल्य लोकांना बोचत राहिले. अनेक वर्षांच्या वाटाघाटी, डॅनिश कायदा आणि न्यायालयातील दावे यांनंतर २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश युद्धनौका रेक्याविकच्या बंदरात आली. तिच्यावर फ्लातेयारबोक आणि ‘एड्डा’ काव्यांची प्राचीन पोथी होती. धक्क्यावर हजारो लोक लोटले होते. पोथ्या उतरवून घेण्यासाठी एका राष्ट्राने अशी गर्दी करावी, हा प्रसंग मला तरी अद्वितीय वाटतो. परत देण्याचे हे काम १९९७ मध्ये पुरे झाले. आणि डेन्मार्कलाही श्रेय दिले पाहिजे. जेत्याने नेलेल्या वस्तू परत करण्याच्या प्रश्नावर आजही जगभर वाद चालू असताना, दोन देशांनी तो सामोपचाराने मिटविल्याचे हे उदाहरण आहे. २०२३ साली या पोथ्यांसाठी ‘एड्डा’ या नावाची नवी इमारत उघडण्यात आली. प्रारंभी जिचा उल्लेख केला ती हीच.

भाषा इतकी कमी बदलली की आजचा विद्यार्थी अद्ययावत लेखनपद्धतीत छापलेल्या सागा थोड्या टिपांच्या आधाराने वाचू शकतो. नव्या वस्तूंना परके शब्द घेण्याऐवजी जुन्या शब्दांतून नवे घडविण्याचा त्यांचा परिपाठ आहे. दूरध्वनीला त्यांनी ‘सीमी’ हा धाग्याचा प्राचीन शब्द दिला. संगणकासाठी ‘संख्या’ आणि ‘भविष्यवादिनी’ हे दोन शब्द सांधून ‘तोल्वा’ असा शब्द केला. आपल्याकडे सावरकरांनी असाच उद्योग केला आणि त्यांतील काही शब्द रुजले, काही चेष्टेचा विषय झाले. तेथे मात्र लोकांनी ते बाजारातसुद्धा वापरले. तरीही चिंता संपलेली नाही. मुलांच्या हाती पडद्यावरून येणारी इंग्रजी आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी दुकानांच्या पाट्यांवर आलेली इंग्रजी, यांपुढे चार लाखांहून कमी लोकांची भाषा किती काळ तग धरील, हा प्रश्न तेथील विचारवंत उघडपणे विचारीत आहेत.

नावांची पद्धतही जुनी राहिली आहे. बहुतेकांना आडनाव नसते. योनचा मुलगा योनसोन, मुलगी योन्सदोत्तिर. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही, कारण ती दुसऱ्या कोणाची मुलगी होत नाही. १९८० साली विग्दिस फिन्बोगादोत्तिर या जनतेच्या मतांनी निवडून आलेल्या जगातील पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्याआधी पाच वर्षे, २४ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशातील दहापैकी नऊ स्त्रियांनी घरातले आणि बाहेरचे काम एक दिवस थांबवून देश ठप्प केला होता.

हिंदुस्थानशी या देशाचा एक धागा आहे, आणि तो सतराव्या शतकातला आहे. पश्चिमेकडील खाड्यांच्या प्रदेशातील योन ओलाफ्सोन हा शेतकऱ्याचा मुलगा डॅनिश राजाच्या चाकरीत तोफखान्यावर लागला आणि १६२२ साली जहाजाने निघून तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या डॅनिश किल्ल्यात पोचला. तेथे दारूच्या स्फोटात तो जबर जखमी झाला व परत गेला. म्हातारपणी, १६६१ साली, त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांत तरंगमबाडीची माणसे, मंदिरे आणि चालीरीती यांचे वर्णन आहे. त्याचे देशबांधव त्याला ‘योन इंदियाफारी’, म्हणजे हिंदुस्थानचा प्रवासी, याच नावाने ओळखतात.

आज उलट दिशेने जाणाऱ्यासाठी थोडी व्यावहारिक माहिती. आइसलँड शेंगेन करारात आहे, त्याचाच परवाना चालतो. देशात रेल्वे नाही. किनाऱ्याने बेटाला वळसा घालणारा सुमारे १,३०० किलोमीटरचा रस्ता १९७४ साली पुरा झाला, तो मोटारीने करण्यास आठवडा तरी हाताशी ठेवावा. मधल्या पठारावरील वाटा फक्त उन्हाळ्यात खुल्या होतात. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही आणि डिसेंबरात दिवस चारएक तासांचा. ध्रुवीय प्रकाश पाहावयाचा तर सप्टेंबर ते एप्रिलच्या दरम्यान जावे. रस्ता सोडून मोटार रानात घालणे हा गुन्हा आहे, कारण लाव्ह्यावरचे शेवाळ एकदा चिरडले की भरून यायला दशके लागतात. दक्षिणेच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, तेथील लाटेने माणसे ओढून नेली आहेत. खर्च भरपूर येतो. आणि रेक्याविकला उतरल्यावर धबधब्यांच्या सहलीची गाडी धरण्यापूर्वी एक सकाळ त्या पोथ्यांसाठी मोकळी ठेवावी. अक्षरे वाचता आली नाहीत तरी चालेल, धुराने काळवंडलेल्या कडा आणि शिवलेली भोके सहज दिसतात.